भूसुरुंगात पाय गेलेल्यांसाठी दोन देशांतील विद्यार्थी : लातूरकडचा अनुभव आणि काही प्रश्न

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी सध्या परदेशी शिकत आहे आणि त्याच्या खोलीतला सोबती कंबोडियाच्या बत्तंबंग प्रांतातला आहे. त्या दोघांच्या बोलण्यातून असे निघाले की तिकडचे काही महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आमच्याकडची अकरावीची मुले यांनी मिळून भूसुरुंगात पाय गमावलेल्या लोकांसाठी काही काम करावे. या गोष्टीला आता आठ महिने झाले. त्यात जे कळले आणि जिथे आम्ही अडलो आहोत, ते दोन्ही येथे मांडतो. (बारावीची मुले का नाहीत, असे कृपया विचारू नये. नीटच्या वर्षात लातुरातील मुलांना जेवायला वेळ मिळतो हेच पुष्कळ.)

कंबोडियात १९७० च्या दशकापासून १९९८ पर्यंत या ना त्या स्वरूपात लढाई चालू होती आणि लढणाऱ्या सर्वच बाजूंनी सुरुंग पेरले, त्यांतही थायलंडच्या सीमेलगत सर्वांत दाट. १९७९ पासून आजवर तिथे सुमारे ६५,००० माणसे सुरुंगांमुळे आणि न फुटता पडून राहिलेल्या दारूगोळ्यामुळे मरण पावली किंवा जखमी झाली. बत्तंबंग हे त्या देशाचे भाताचे कोठार समजले जाते. त्यामुळे तिथे सुरुंगावर पाय पडला तो बहुतेक वेळा नांगर धरणाऱ्याचा, सरपण आणणाऱ्याचा किंवा गुरे राखणाऱ्या पोराचा.

आमच्या मुलांची पहिली कल्पना अर्थातच पैसे गोळा करण्याची होती, कारण गणपतीच्या वर्गणीमुळे तो सराव सर्वांना असतोच. तिकडच्या विद्यार्थ्यांनी मात्र नम्रपणे सांगितले की बत्तंबंगमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या साहाय्याने उभे राहिलेले पुनर्वसन केंद्र आहे आणि तिथे पाय मिळतो. अडचण त्यानंतर सुरू होते. पट्टा तुटला, आतला मोजा फाटला किंवा पाय टोचू लागला, की लांबच्या खेड्यातील माणूस गाडीभाडे आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब करतो आणि जायचे टाळतो. म्हणून ते विद्यार्थी सुटीच्या दिवशी मोटारसायकलवरून गावोगाव जाऊन कोणाच्या पायाचे काय बिघडले आहे याची वही ठेवतात. त्यांनी आम्हाला विचारले, "तुमच्याकडे हे कसे करतात?" आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

मग आम्ही औसा आणि निलंगा तालुक्यांतील काही गावांत गेलो. आपल्याकडे सुरुंग म्हटला की आधी विहीर आठवते. काळ्या पाषाणात विहीर खोदताना ठासलेला बार उडाला नाही म्हणून पाहायला उतरलेले आणि हात, पाय किंवा डोळे गमावून वर आलेले लोक जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात निघतात. मळणी यंत्रात हात गेलेले वेगळे, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखाली पाय गेलेले त्याहून वेगळे. त्यांपैकी अनेकांना कधी ना कधी शिबिरात कृत्रिम पाय मिळालेला होता. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच घरांत तो पाय खुंटीला टांगलेला होता आणि माणूस कुबडीवर चालत होता.

माझा प्रश्न असा आहे की पाय बसवण्याचे तज्ज्ञ काम ज्यांना येत नाही आणि येऊही नये, अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी या खुंटीवरच्या पायाचे नेमके काय करावे? आणि दोन देशांतील मुलांच्या मैत्रीचा त्यात खरा उपयोग कोणता?

बालाघाटी

सर, लेख प्रामाणिक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मी बीड जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावे ओस पडतात, माणसे कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, उसाच्या गाडीखाली पाय चिरडून परततात, आणि त्यांच्यासाठी मुकादमही थांबत नाही. असे असताना आपल्या मुलांनी कंबोडियाकडे पाहावे, हे घरातल्या देवाला नैवेद्य न दाखवता वेशीवरच्या देवाला नारळ फोडण्यासारखे वाटते.

दुसरे असे की, भूसुरुंगबंदीच्या ज्या ओटावा करारावर डिसेंबर १९९७ मध्ये सह्या सुरू झाल्या आणि जो मार्च १९९९ पासून लागू झाला, त्यात भारत सामील नाही. आपण स्वतः सुरुंग बाळगणार आणि आपली मुले दुसऱ्या देशातील सुरुंगग्रस्तांना मदत करणार, यातील विसंगती मुलांना समजावून सांगितली आहे का?

निवृत्त_सॅपर

मी अंबाजोगाईकडचा आहे. नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात झाली, त्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने लिहू शकतो.

बालाघाटी यांचे म्हणणे बरोबर आहे. भारत ओटावा करारात नाही, आणि अमेरिका, रशिया, चीन व पाकिस्तान हेही नाहीत. मात्र सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या १९८० च्या शस्त्रविषयक कराराच्या सुधारित दुसऱ्या जोडकरारात आपण आहोत, म्हणजे कुंपण, खुणा आणि नोंदी ठेवण्याचे बंधन आपल्यावर आहे. ओटावा करारात असलेल्यांचेही पाय आता डळमळू लागले आहेत. लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या रशियाच्या शेजाऱ्यांनी २०२५ मध्ये बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. देशाच्या संरक्षणाबद्दल माझी काही मते आहेत, परंतु तो या धाग्याचा विषय नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रमच्या वेळी राजस्थान, पंजाब आणि जम्मूच्या सीमेवर सुरुंग पेरले गेले आणि नंतर ते काढण्याचे काम आमच्याच लोकांनी केले. राजस्थानात वाळू सरकते, जम्मूकडे नाले फुगतात, आणि नकाशावर जिथे सुरुंग दाखवला आहे तिथे तो राहत नाही. बोस्नियात मे २०१४ च्या महापुरात हेच झाले. वीस वर्षांपूर्वीचे सुरुंग वाहून गेले आणि धोक्याच्या पाट्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

मुलांना एक तांत्रिक गोष्ट समजली पाहिजे. माणसाविरुद्धचे बरेच सुरुंग जीव घेण्यापेक्षा पाय घेण्यासाठी बनवलेले असतात, कारण जखमी सैनिकाला उचलायला आणखी दोघे लागतात. एम-१४ प्रकारात सुमारे २९ ग्रॅम स्फोटक असते आणि ते पाऊल नेते. रशियन पीएमएनमध्ये सुमारे २४० ग्रॅम असते आणि त्यात पाय अनेकदा गुडघ्यापर्यंत जातो. स्फोटात माती, चपलेचे तुकडे आणि हाडाचे कण वर मांसात घुसतात, म्हणून शल्यविशारदाला दिसणाऱ्या जखमेच्या बऱ्याच वरून कापावे लागते. विहिरीच्या बाराने झालेली जखम आणि सुरुंगाची जखम यांत याबाबतीत साम्य आहे. गडचिरोलीत रस्त्याखाली पुरून दुरून उडवले जाणारे स्फोटक ही मात्र वेगळी गोष्ट आहे. बातम्यांत त्यालाही भूसुरुंगच म्हणतात, पण ते माणूस पाहून उडवलेले असते. खरा सुरुंग पाय कोणाचा आहे हे पाहत नाही.

माझ्या तुकडीतील एका मित्राचे पाऊल गेले. त्याला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय मिळाला. ते केंद्र १९४४ पासून सैनिकांसाठी चालू आहे. तेव्हापासून पाय झिजला की तो तिथे जातो, माप पुन्हा घेतले जाते आणि नवा पाय मिळतो, त्यामुळे तो आजही शेतात उभा आहे. त्याचे नाव तिथल्या वहीत आहे, हे त्याचे खरे भाग्य. साध्या नागरिकाचे नाव कोणाच्याच वहीत नसते. बत्तंबंगच्या मुलांनी वही ठेवली आहे असे वाचले, तेव्हाच मला वाटले की त्यांना दुखणे कुठे आहे ते कळले आहे.

साचेकार

मी संभाजीनगरात कृत्रिम अवयव बसवण्याचे काम करतो. खुंटीला टांगलेल्या पायाबद्दल लिहिलेले वाचून वाईट वाटले, आश्चर्य मात्र वाटले नाही.

पाय कापल्यानंतर उरलेला भाग, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, तो पहिल्या वर्षभरात आटत जातो. शिबिरात माप घेताना तो सुजलेला असेल, तर चार-सहा महिन्यांत सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंप बसवायची वाटी, सैल पडते. माणूस आधी एक मोजा जास्त घालतो, मग दोन घालतो, मग फडके गुंडाळतो, फडक्याने कातडी सोलते, आणि एका दिवशी पाय खुंटीवर जातो. आपल्याकडील मे महिन्यातील ४२-४३ अंशांच्या उन्हात प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये घाम साचतो, त्याचे त्रास निराळे. प्रौढ माणसाचा पाय साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलाला दर सहा महिन्यांनी ते वर्षभराने नवे माप लागते, शिवाय त्याचे कापलेले हाड मांसापेक्षा वेगाने वाढून टोकाशी टोचू लागते आणि काही वेळा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे आठव्या वर्षी सुरुंगावर पाय पडलेल्या मुलाला मोठे होईपर्यंत दहा-बारा पाय लागतील. एका पायाचे पैसे पाठवून हा हिशेब मिटत नाही.

विद्यार्थ्यांच्या भागीदारीचे एक उत्तम उदाहरण आपल्या देशातच आहे. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. रबर आणि लाकडाचा तो पाय घालून उकिडवे बसता येते, मांडी घालता येते आणि चपलेविना चिखलात चालता येते. परदेशी बुटाच्या आकाराच्या पायाने यांतील काहीच नीट जमत नव्हते. डॉ. सेठी यांना त्यासाठी १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण गुडघ्याच्या वर पाय कापलेल्यांसाठी स्वस्त आणि स्थिर गुडघा आपल्याकडे नव्हता. तो प्रश्न जयपूरच्या संस्थेने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला. त्यांनी तेल मुरवलेल्या नायलॉनचा, वीस डॉलरच्या आसपास पडणारा गुडघा तयार केला. २००९ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांत त्याची नोंद घेतली. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की प्रश्न जयपूरने विचारला होता. विद्यार्थी उत्तर घेऊन आले नव्हते.

तुमच्या मुलांनी काय करू नये, ते आधी सांगतो. त्रिमितीय मुद्रणयंत्रावर पाय छापण्याच्या नादी लागू नये. माणूस उतारावरून ओझे घेऊन उतरतो तेव्हा त्या पायावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि तुटलेला पाय माणसाला पुन्हा पाडतो. सॉकेट घासून किंवा तापवून बसवण्याचाही प्रयत्न करू नये. करण्यासारखे पुष्कळ आहे. कोणाचा पाय केव्हा बसवला, सध्या किती मोजे लागतात, टाच आतून झिजली आहे की बाहेरून आणि कातडीवर लाल डाग किती वेळ राहतो, एवढ्या चार गोष्टी छायाचित्रासह कळल्या, तर मी इथे बसून सांगू शकतो की कोणाला यावे लागेल आणि कोणाचे काम पट्ट्याने भागेल.

तेरणाकाठची

सर्वांना नमस्कार. मी सरांच्या गटातील विद्यार्थिनी आहे आणि बालाघाटी काकांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आम्ही सुरुवातीला इतर देशांतील विद्यार्थ्यांचे उपक्रम वाचले. अमेरिकेतील मार्शल लेगसी इन्स्टिट्यूट ही संस्था शाळकरी मुलांकडून सुरुंग हुंगून शोधणाऱ्या कुत्र्यांसाठी निधी उभा करते आणि सुरुंगग्रस्त देशांतील विद्यार्थ्यांशी त्यांची गाठ घालून देते. कंबोडियात तर आफ्रिकी जातीचे मोठे उंदीर हे काम करतात. मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये प्राण्यांच्या शौर्याचे सुवर्णपदक मिळाले होते. आमच्या गटातील अर्ध्या मुलांना त्या उंदरापलीकडे काही बोलायचेच नव्हते, हे मान्य करते.

कंबोडियाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. आम्ही रविवारी सकाळी बोलतो. त्यांचे इंग्रजी आणि आमचे इंग्रजी सारखेच अडखळते, म्हणून कोणाला लाज वाटत नाही. त्यांच्या भाषेत गावाला 'फूम' म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'भूमी'वरून गेलेला आहे. शिक्षकासाठी त्यांचा शब्द 'क्रू' आहे, म्हणजे आपला 'गुरू'. हे कळल्यावर सरांनी दोन रविवार दुसरे काही बोलू दिले नाही.

काका, निलंगा तालुक्यात एक मामा आहेत, ज्यांचा पाय विहिरीच्या सुरुंगात गेला. त्यांनी पहिल्या भेटीत छायाचित्र काढू दिले नाही. ते म्हणाले, "शिबिरात लई फोटू काढले. पाय ढिला झाला तवा कुणीबी आलं नाही." त्यानंतर आम्ही नियम केला की तिसऱ्या भेटीपर्यंत भ्रमणध्वनी खिशातच राहील. पुढे एका रविवारी मामाच स्वतःहून बोलायला बसले, कारण बत्तंबंगच्या एका मुलाच्या वडिलांचा पाय भाताच्या खाचरात सुरुंगावर पडून गेलेला आहे आणि त्यांना भारतातला शेतकरी पाहायचा होता. त्या वडिलांनी मुलाकरवी विचारले की पाय नसताना बांध कसा चढता. मामांनी धोतर वर करून दाखवले. पट्टा तुटल्यावर त्यांनी सायकलची ट्यूब कापून तिची पट्टी लावली आहे आणि ती ताणली जात असल्यामुळे चढावर पाय निसटत नाही. पलीकडे एकदम हसण्याचा आवाज झाला. त्या वडिलांनी विजारीचा पाय वर ओढला, तर त्यांच्याही पायाला ट्यूबचीच पट्टी होती. त्यानंतरचा पाऊण तास ते दोघेच बोलत होते आणि आम्ही फक्त भाषांतर करत होतो.

आम्ही कंबोडियाला मदत करत नाही, काका. त्यांच्या वहीचे रकाने आम्ही उतरवून घेतले आहेत आणि आपल्या गावांसाठी वापरतो आहोत.

गोदातीर

मी नांदेडमध्ये भौतिकोपचार करते. एक विषय राहून गेला आहे, तो म्हणजे नसलेला पाय दुखणे. गेलेल्या पायाचे बोट वळले आहे, तळव्यात आग होते आहे, अशी वेदना कित्येकांना वर्षानुवर्षे होते आणि घरातील लोक तिला वेड समजतात. चेन्नईकडचे व्ही. एस. रामचंद्रन या चेतातज्ज्ञांनी १९९० च्या दशकात त्यावर आरशाचा उपाय मांडला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, चांगल्या पायाचे प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी पाहायचे आणि चांगला पाय हलवायचा. मेंदूला दोन्ही पाय हलताना दिसतात आणि काहींची वेदना उतरते. सर्वांना गुण येतो असे नाही, पण खर्च एका आरशाचा आहे. मुलांनी हा उपचार स्वतःहून सुरू करू नये, मात्र वहीत "नसलेला पाय दुखतो का?" हा रकाना अवश्य ठेवावा, कारण विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. जगभरच्या नोंदींत सुरुंगाने जखमी होणाऱ्यांमध्ये पुरुष आणि मुलगेच फार मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या घरातील बाईचे नाव कोणत्याही यादीत येत नाही, आणि रोजगार, पाणी, गुरे व नवऱ्याची जखम हे सर्व तिच्याकडे असते. तिच्याशी बोलायला गटातील मुलींनीच जावे.

बालाघाटी

तेरणाकाठची, तुझे उत्तर वाचले. नैवेद्याचे वाक्य मागे घेतो. कराराबद्दलचे घेत नाही.

मात्र वही ठेवणारच असाल, तर तिला कागदाचे बळ द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्याला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते, आणि ते असल्याशिवाय सरकारी योजनेतला नवा पाय मिळत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती कुठे जाते हे ग्रामसभेत उभे राहून विचारणारा माणूस लागतो. अकरावीचे पोर वही घेऊन विचारू लागले, तर सरपंचाला उत्तर द्यावे लागते. आमच्या तालुक्यात ऊसतोडीला न जाता मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि आश्रमशाळेतील मुले आहेत. त्यांच्याकडून अशी वही सुरू करता येईल का, ते पाहतो. रकाने पाठवा.

निवृत्त_सॅपर

ओटावा करारातील एक तरतूद मुलांना जरूर दाखवा. सहाव्या कलमात, ज्या राष्ट्रांना शक्य आहे त्यांनी सुरुंगग्रस्तांच्या उपचाराला, पुनर्वसनाला आणि समाजात परत सामावून घेण्याला साहाय्य करावे असे म्हटले आहे. करारावर सही नसली तरी हे कलम पाळायला कोणी कोणाला अडवलेले नाही. मी महिन्यातून एकदा निलंग्यापर्यंत गाडी घेऊन येऊ शकतो. ज्यांना संभाजीनगरला न्यावे लागेल, त्यांची नावे द्या.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. साचेकार यांच्या चार गोष्टी, गोदातीर यांचा रकाना आणि प्रमाणपत्राचा रकाना वहीत घातला आहे. तोच नमुना काल बत्तंबंगला पाठवला. त्यांनी 'नसलेला पाय' लगेच घेतला आणि प्रमाणपत्राऐवजी "केंद्रापर्यंत जायला किती दिवसांची मजुरी बुडते?" असा रकाना सुचवला. तो आम्ही इकडेही ठेवत आहोत.

जून महिन्यात ही मुले बारावीत जातील आणि वही नव्या अकरावीच्या हाती द्यावी लागेल. यात खंड पडू नये म्हणून प्रत्येक नावापुढे दोन वर्गांतील दोन विद्यार्थ्यांची जबाबदारी लिहिली आहे. ते कितपत टिकते, हे पुढच्या दिवाळीत याच धाग्यावर लिहीन. तूर्त एक छोटा प्रश्न आहे. येत्या रविवारी निलंग्याच्या मामांसाठी पट्टा न्यायचा आहे. तो किती रुंदीचा घ्यावा?

साचेकार

रुंदी जुन्या बकलावर ठरते. बकलाचे आतील माप मिलिमीटरमध्ये घेऊन छायाचित्र पाठवा, पट्टा मी इथून एसटीने पाठवतो. मामांनी लावलेली ट्यूबची पट्टी मात्र काढून टाकू नका, मला ती पाहायची आहे. आणि शक्य असेल तर बत्तंबंगच्या त्या गृहस्थांनी ती कुठे अडकवली आहे, तेही विचारून ठेवा.